यंत्र घरात आले. समता कधी येणार?

(आयर्लंडमधील बौद्ध कुटुंबांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





विज्ञान, तंत्रज्ञान आणि आपले दैनंदिन जीवन या विषयावर विचार मांडण्याची संधी संयोजकांनी आम्हांला दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय वरकरणी सोपा वाटतो. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपण यंत्रांच्याच सहवासात असतो. कपडे यंत्र धुते, भांडी यंत्र घासते, घर यंत्र उबदार ठेवते, आणि विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या आपल्या गावी बसलेल्या आईचा चेहरा हातातल्या यंत्रावर दिसतो. ज्यांच्या आजीने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचा अपमान सोसला, त्यांची नातवंडे आज डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे येथे नळाची तोटी फिरवून हवे तेवढे थंड-गरम पाणी घेतात. हे परिवर्तन लहान नाही.

परंतु या परिवर्तनाचे श्रेय कोणाला द्यावयाचे? यंत्राला, की यंत्र सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून झगडलेल्या माणसांना? काही विचारवंत यंत्राला शाप देतात आणि खेड्यातल्या जुन्या साध्या जीवनाचे गोडवे गातात. काही लोक यंत्राची पूजा बांधतात. तंत्रज्ञान आले की जात, दारिद्र्य आणि अज्ञान आपोआप नष्ट होईल, असे ते मानतात. आमच्या मते या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. यंत्र शक्ती निर्माण करते. ती शक्ती कोणाच्या दारी आधी जावी, कोणाच्या दारी शेवटी जावी आणि कोणाच्या दारी जाऊच नये, हे मात्र समाज ठरवतो. आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे.

आयर्लंडच्या विजेची कथा

आपण ज्या देशात राहतो, त्या देशाचेच उदाहरण प्रथम घेऊ. १९२२ मध्ये आयर्लंडचे नवे राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ते गरीब होते आणि यादवी युद्धात होरपळत होते. तरीही या नवजात राज्याने शॅनन नदीवर जलविद्युत केंद्र उभारण्याचे धाडस केले. टॉमस मॅक्लॉफ्लिन या तरुण आयरिश अभियंत्याने योजनेचा पाठपुरावा केला, जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने काम हाती घेतले, आणि १९२५ मध्ये सुरू झालेले केंद्र १९२९ मध्ये लिमरिकजवळ अर्दनाक्रुशा येथे उभे राहिले. त्यासाठी ५० लाख पौंडांहून अधिक खर्च आला. राज्याच्या त्या वेळच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. दरम्यान १९२७ मध्ये वीजपुरवठा मंडळ स्थापन झाले. आपल्या घरी येणाऱ्या देयकांवर ज्याचे ईएसबी हे नाव आजही आढळते, ते हेच मंडळ.

या वैभवशाली कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कालवा खोदणाऱ्या आयरिश मजुरांना आठवड्याला ३२ शिलिंग वेतन देऊ केले गेले आणि त्यावरून संघर्ष पेटला. राहण्याची सोय अपुरी असल्याने कित्येक मजुरांनी गोठ्यांत आसरा घेतला. राष्ट्राला प्रकाश देणारे हात स्वतः अंधारात राहत होते. धरणे बांधणाऱ्या आपल्या आया-बहिणींना आणि बापजाद्यांना हे दृश्य अपरिचित नाही.

वीज निर्माण झाली, पण ती शहरांपुरती राहिली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जवळजवळ चार लाख ग्रामीण घरे विजेवाचून होती. ५ नोव्हेंबर १९४६ रोजी उत्तर डब्लिनमधील किलसॅलहन येथे ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब रोवला गेला. जानेवारी १९४७ मध्ये जवळच्याच ओल्डटाउन गावात दिवे लागले. पुढे दहा लाखांहून अधिक खांब या देशाच्या मातीत उभे राहिले. मात्र कोणत्या भागाला वीज आधी द्यावयाची, हे ठरवताना खर्चाच्या मानाने कोठून उत्पन्न अधिक मिळेल, याचा हिशेब मांडला जाई. जेथे अधिक घरे वीज घेण्यास तयार, तो भाग आधी; जेथे वस्ती विरळ आणि लोक गरीब, तो भाग नंतर. दिवा लावला नाही तरी स्थिर आकार भरावाच लागे, म्हणून अनेक गरीब कुटुंबे कचरत. केरी काउंटीतील ब्लॅक व्हॅली या दुर्गम खोऱ्यात वीज पोहोचली ती १९७० च्या दशकात. या देशात संपूर्ण वेगळा धर्म आणि वेगळा इतिहास असला, तरी शक्तीच्या वाटपाचा नियम किती ओळखीचा वाटतो! आपल्या मागच्या पिढीला विचारा. खांब गावठाणात येऊन थांबला आणि आपल्या वस्तीला कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमणीवर काढावी लागली, हे सांगणारे वडीलधारे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत.

या कथेतील सर्वांत बोलका भाग स्त्रियांचा आहे. विहिरीवरून बादल्या वाहून आयरिश शेतकरी स्त्रीची कंबर मोडत होती. गावोगावी नळाचे पाणी आणण्याची योजना पुढे आली, तेव्हा कर वाढतील या धास्तीने काही शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी वाहणारे हात आणि विरोध करणारे तोंड एकाच घरातले होते, पण एकाच माणसाचे नव्हते! अशा वेळी आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन या ग्रामीण स्त्रियांच्या संघटनेने वीज आणि नळ यांसाठी नेटाने प्रचार केला. नळाचे तंत्र जुनेच होते. ते घरात आणण्यासाठी स्त्रियांची संघटना लागली.

बाबासाहेबांची यंत्रविषयक दृष्टी

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जाणतो. वीज आणि पाटबंधारे यांचा कारभारही त्यांच्याच खात्याकडे होता, हे मात्र नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये विजेच्या प्रश्नावरील धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मागणी मांडली. विजेवाचून उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणावाचून दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली.

१९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. पशूच्या आणि माणसाच्या जीवनात फरक पडतो तो फुरसतीमुळे आणि संस्कृतीमुळे. फुरसत हवी तर कष्टाचा भार यंत्राने उचललाच पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंत्रयुगातील अनिष्ट गोष्टींचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही. लाभ मूठभरांच्या हाती एकवटणाऱ्या समाजरचनेला दिला. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या केवळ कष्ट आले, त्यांच्या प्रतिनिधीला श्रमाचे पोकळ गौरवगान परवडणारे नव्हते.

रेल्वे, गिरणी आणि गटार

यंत्राचे महत्त्व इतके जाणणाऱ्या बाबासाहेबांना यंत्राची मर्यादा बालपणीच कळली होती. १९०१ सालची गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी लहानगा भीम आपल्या भावासह आणि भाच्यांसह आगगाडीने निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. आगगाडीने त्यांची जात विचारली नाही. तिकिटाचे पैसे घेतले आणि इतरांइतक्याच वेगाने त्यांना पोहोचवले. स्टेशनमास्तरांनीही नीटनेटक्या कपड्यांतील मुलांची प्रेमाने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, परंतु एकही गाडीवान या मुलांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. गाडीवान बाजूने पायी चालला. वाटेत त्यांना प्यायला पाणीही मिळाले नाही. वाफेच्या इंजिनाचे राज्य फलाटापाशी संपले आणि मनूचे राज्य तेथून सुरू झाले. रेल्वेमुळे भारतातील जातिभेद ढासळेल, अशी अपेक्षा १८५३ मध्ये कार्ल मार्क्सने व्यक्त केली होती. मसूरच्या फलाटावर त्या अपेक्षेला उत्तर मिळाले.

मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. विणकाम खात्यात वेतन चांगले असे. तेथे साच्यावर काम करताना धोट्यातील कांडी बदलली, की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी कामगाराला तेथे तोंड लावून श्वास ओढावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा वापरावा, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप. परिणामी अस्पृश्य कामगार कमी वेतनाच्या खात्यांत अडकून राहिले. यंत्र विलायतेहून आलेले, मालक नफ्याचा विचार करणारा, सोबतचा कामगार क्रांतीच्या घोषणा देणारा. तरीही जात थेट धोट्याच्या छिद्रात जाऊन बसली! १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जात ही कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी करते, हा विचार त्यांनी १९३६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. गिरणीच्या साच्यांवर तो आधीच सिद्ध झालेला होता.

आणि आजचे काय? २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. आपल्या सर्वांची मान अभिमानाने उंचावली, आणि ते योग्यच होते. पण त्याच देशात गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करण्यासाठी माणूस आत उतरतो, विषारी वायूने गुदमरतो आणि मरतो. तो कोणत्या जातींतून येतो, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला. अधिक व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांपर्यंत नेली. बेझवाडा विल्सन यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने या प्रश्नासाठी देश पिंजून काढला. यंत्र नाही म्हणावे, तर केरळमधील तरुण अभियंत्यांनी मेनहोल साफ करणारे बँडिकूट नावाचे यंत्र २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे चालवून दाखवले आहे. चंद्रावर उतरण्यापेक्षा गटारात यंत्र उतरवणे अवघड आहे काय? अवघड आहे, कारण जेथे माणसाचा जीव यंत्रापेक्षा स्वस्त धरला जातो, तेथे यंत्र विकत घेण्याची निकड कोणाला वाटत नाही.

विज्ञान दारात, रूढी उंबरठ्यावर

हा दोष केवळ भारतीय समाजाचा आहे, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. या देशात धर्मसंस्थांनी चालवलेल्या मॅग्डलेन धुलाईघरांत हजारो स्त्रियांना 'पतित' ठरवून कोंडले गेले आणि मोबदल्यावाचून लोकांचे कपडे धुण्यास लावले गेले. शेवटचे धुलाईघर डब्लिनमध्ये १९९६ मध्ये बंद झाले. घरोघरी धुलाईयंत्रे आल्याने या धंद्याचा आधार खचला, हे खरे. परंतु यंत्राने केवळ गिऱ्हाईक तोडले. न्याय दिला नाही. सरकारने या स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये, आणि तीही पीडित स्त्रियांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी वर्षानुवर्षे लढा दिल्यानंतर.

दुसरे उदाहरण आपल्या मातीशी जोडलेले आहे. सविता हलप्पनवार ही बेळगावची कन्या. शिक्षणाने दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये, गर्भारपणाच्या सतराव्या आठवड्यात, गॉलवेच्या रुग्णालयात तिला दाखल करण्यात आले. गर्भ वाचणार नाही, हे वैद्यकशास्त्राला कळले होते. सविताने गर्भपाताची मागणी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबर रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तपासणीची उपकरणे, औषधे, कुशल डॉक्टर हे सर्व त्या इमारतीत होते. १९८३ च्या घटनादुरुस्तीची भिंत मध्ये उभी होती. ही भिंत कोणत्याही नव्या यंत्राने पाडली नाही. रस्त्यावर उतरलेल्या स्त्री-पुरुषांनी आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात बदलाच्या बाजूने कौल देणाऱ्या ६६.४ टक्के मतदारांनी ती पाडली. आपल्यापैकी अनेक भगिनी या देशाच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून सेवा करतात. विज्ञान आणि रुग्ण यांच्यामध्ये रूढी उभी राहिली म्हणजे काय होते, हे त्यांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या घरात काय?

आता दृष्टी आपल्या घराकडे वळवू. यंत्राने आपल्याला फुरसत दिली. ती घरातल्या सर्वांना सारखी मिळाली काय? रात्रपाळी करून परतलेली स्त्रीच धुलाईयंत्र भरत असेल, डबे करत असेल, आणि पुरुष त्या वेळी दूरदर्शन संचापुढे बसून समतेवरील व्याख्यान ऐकत असेल, तर त्या घरात यंत्र आले आहे, समता यावयाची आहे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. याची आठवण स्वयंपाकघरात ठेवली, तर व्यासपीठावर ती वेगळी करून द्यावी लागणार नाही.

विवाह जुळवण्याच्या संगणकीय सेवांकडे पाहा. जगातील अद्ययावत तंत्र वापरून तेथे जात आणि पोटजात यांच्या चाळणीतून माणसे गाळली जातात. पूर्वी हे काम गावचा मध्यस्थ चार दिवसांत करी, आता यंत्र ते क्षणात करते. वेग वाढला, दिशा तीच राहिली. आपणही त्या रकान्यात पोटजात भरू लागलो, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपण काय सोडले आणि काय स्वीकारले, हे मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार? सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. परदेशात तंत्रज्ञांच्या वस्तीतही जात पोहोचली आहे, याचीच ही कबुली होय.

मोबाईलवर येणारे संदेश हा आणखी एक प्रश्न. चमत्कार, अफवा, रामबाण औषधे आणि बनावट इतिहास यांचा पूर रोज लोटतो. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी त्या उपदेशाचे स्मरण करणे, हे आजच्या काळातील एक छोटेसे शीलपालनच आहे.

सर्वांत नवा प्रश्न मुलांचा. आता मुले आपली शंका शिक्षकाला विचारण्याआधी कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. हे यंत्र लिहिलेल्या मजकुरावर पोसलेले असते. जे पुरेसे लिहिलेच गेले नाही, ते त्याला कसे कळणार? आपल्या आजीची ओवी, गिरणीतील आजोबांची हकिकत, नामांतराच्या लढ्यातील वडिलांचा अनुभव कागदावर उतरला नाही, तर उद्याचे यंत्र इतरांनी लिहिलेली आपली कहाणी आपल्याच नातवंडांना सांगेल. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांना पुन्हा एकदा अक्षरातून वगळले जाण्याचा हा धोका आहे. १९२० मध्ये 'मूकनायक' काढताना बाबासाहेबांनी छपाईयंत्राचा जो उपयोग केला, तोच उपयोग आपण आजच्या यंत्राचा केला पाहिजे. भीमगीतांच्या गायकांनी ध्वनिफितीचे तंत्र हाती घेऊन वस्तीवस्तीत प्रबोधन पोहोचवले, हेही विसरू नये. तंत्र ज्याच्या हाती, वाणी त्याची.

या यंत्रांची भूकही मोठी आहे. आयर्लंडमधील विदाकेंद्रांनी, म्हणजे संगणकीय माहिती साठवणाऱ्या कोठारांनी, २०१५ मध्ये देशातील मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के वीज वापरली. २०२३ मध्ये २१ टक्के. शहरांतील सर्व घरांनी मिळून वापरलेल्या विजेपेक्षा ही अधिक आहे. ज्या देशात एकेका खांबासाठी गावे वाट पाहत होती, तेथे वीज आधी कोणाला हा जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. येथील नागरिक म्हणून त्या चर्चेत आपलाही आवाज असला पाहिजे. आपल्यापैकी अनेकांची उपजीविका याच उद्योगावर आहे. म्हणून तर आपण अधिक जाणतेपणाने बोलू शकतो.

समारोप

आयरिश राज्यघटनेतील सामाजिक धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून भारतीय संविधानाच्या चौथ्या भागाची कल्पना घेतली गेली. संपत्तीचे आणि साधनांचे केंद्रीकरण होऊ नये, हे त्या भागातील एक प्रमुख तत्त्व आहे. आपण ज्या देशातून आलो आणि ज्या देशात राहतो, त्या दोहोंच्या घटनांना जोडणारा हा धागा आपल्याला कसोटी पुरवतो. कोणतेही नवे यंत्र समोर आले की आपण विचारावे: याने कोणाचे कष्ट कमी झाले? याचा लाभ कोणाच्या हाती गेला? आणि ज्याला हे मिळाले नाही, तो का वंचित राहिला?

म्हणून आमची आपणांस तीन आवाहने आहेत. प्रत्येक कुटुंबाने घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीची जीवनकथा येत्या वर्षात लिहून अथवा ध्वनिमुद्रित करून ठेवावी. आपल्या मुलींना विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मुलांइतकेच, किंबहुना अधिक प्रोत्साहन द्यावे; यंत्र कसे असावे हे ठरवण्याच्या जागी त्या बसल्या पाहिजेत. आणि आपल्या मिळकतीचा काही अंश मागे राहिलेल्या वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांसाठी व संगणकासाठी नियमित पाठवावा. आपण विमानाने समुद्र ओलांडला. मसूरच्या फलाटाबाहेर गाडीची वाट पाहणारी मुले अजून संपलेली नाहीत. त्यांची गाडी हाकायला आपण गेलेच पाहिजे.



जय भीम! जय भारत!